‘गरज सेंटरची होती’ ही सबब टिकत नाही

१९८४च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला निवडले आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. या निर्णयाचे समर्थक आजही सांगतात, की त्या जागी क्लाइड ड्रेक्सलर होता, उणीव सेंटरची होती.

हा युक्तिवाद त्याच ड्राफ्टने खोडून काढला आहे. पहिला क्रमांक ह्यूस्टनचा होता. त्यांच्याकडे ७ फूट ४ इंचांचा राल्फ सॅम्पसन आदल्याच वर्षी आला होता. जागेचाच हिशेब मांडायचा, तर दुसरा सेंटर त्यांना अनावश्यक होता. तरीही त्यांनी हकीम ओलाजुवानला घेतले, सॅम्पसनला फॉरवर्डच्या जागी सरकवले आणि १९८६मध्ये अंतिम फेरी गाठली.

शिवाय ज्याच्यासाठी जॉर्डनला नाकारले, तो ड्रेक्सलर तेव्हा होता कोण? जेमतेम एक हंगाम खेळलेला, सरासरी आठ गुणही न गाठलेला तरुण. आणि बोवी? नडगीच्या हाडाच्या दुखापतीने महाविद्यालयातील दोन हंगाम गमावलेला. (हे सर्वांना ठाऊक होते!) पोर्टलंडकडून पाच हंगामांत तो १३९ सामने खेळला, एका हंगामातच ८२ असतात.

१९९२च्या अंतिम मालिकेत जॉर्डनच्या शिकागोने ड्रेक्सलरच्या पोर्टलंडला ४-२ असे हरवले. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हे दोघे अमेरिकेच्या एकाच संघातून खेळले.