न वाचलेली प्रत

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे, बांधकाम पुरते हातावेगळे न झालेले मातीचे धरण फुटले आणि त्याच दिवशी खाली खडकवासल्याची एकोणिसाव्या शतकातील दगडी भिंतही गेली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत काय झाले ते आपण ऐकले-वाचलेले आहे. मला या घटनेतील एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. नकाशावर धरणे दोन होती, परंतु संकटाच्या दृष्टीने ते एकच होते; कारण वरचे फुटले की त्याचे पाणी खालच्यावर येणार, हे नदीनेच ठरवून ठेवले होते. ज्या तलावावर शहराची तहान भागत असे तोच रिता झाल्यावर नळ कोरडे पडले आणि लोक वाड्यांतील जुन्या, विस्मरणात गेलेल्या विहिरींकडे वळले. विहिरी वाचल्या, कारण त्या नदीच्या वाटेवर नव्हत्या.

संगणकाच्या परिभाषेत ज्याला 'बॅकअप' म्हणतात त्याविषयी मराठीच्या अध्यापकाने लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. माझ्या मते मात्र हा विषय मुळात आपला आहे आणि तो आपण संगणक-विभागाच्या खोलीत लोटून मोकळे झालो आहोत. प्रत करणे, पाठ ताडणे, भ्रष्ट पाठ ओळखणे ही पाठचिकित्सेची कामे. टेप ड्राइव्हसमोर बसलेला माणूस दुसरे काय करत असतो?

खडकवासल्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयातील प्रकार मी जवळून पाहिला. तेथील मराठी विभागाने धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील वृद्ध स्त्रियांची गाणी आणि बोलणी विद्यार्थ्यांकरवी ध्वनिमुद्रित करून घेतली होती. ते सारे सर्व्हरवर होते आणि सर्व्हरचा बॅकअप दर आठवड्याला डीडीएस जातीच्या लहान टेपांवर घेतला जाई. कपाटात टेपा ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात तारीख. पुढे सर्व्हरची डिस्क गेली. टेप चढवली, तर ड्राइव्हने ती कुरकुरत पुढेमागे फिरवली आणि वाचता येत नसल्याचे सांगून बाहेर टाकली. दुसरीचे तेच, तिसरीचेही तेच.

अशा वेळी प्रथम सोप्या गोष्टी पाहतात. चुंबकीय मस्तकावर धूळ व टेपेची भुकटी बसते. त्यासाठी सफाईची वेगळी टेप असते आणि तिचेही आयुष्य ठरावीक वेळांपुरतेच असते. केबल सैल असते, तारेच्या टोकाला लावायचा टर्मिनेटर निघालेला असतो, किंवा दमट हवेत टेपच चिकटलेली असते. येथे सफाईचा दिवा कित्येक दिवस लुकलुकत होता असे नंतर कळले. पण खरे कारण अधिक खोल होते. डीडीएस टेपेवर मजकूर तिरक्या रेघांत लिहिला जातो. लिहिणाऱ्या यंत्राचे मस्तक किंचित कलले, तर रेघाही त्याच कलाने उमटतात. त्या यंत्राला आपले लिहिणे आपल्याला बिनचूक वाचता येते. इतरांना ती लिपीच लागत नाही. आणि ते जुने यंत्र आदल्याच वर्षी भंगारात गेले होते.

महानुभावांच्या सकळ लिपीची येथे आठवण व्हावी. तिची किल्ली पंथाबाहेरच्यांना ठाऊक नसल्याने पोथ्या शाबूत असूनही शतकानुशतके मुक्या राहिल्या; विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली तेव्हा त्या बोलू लागल्या. तेथे गूढता हेतुपुरस्सर होती, येथे ती यंत्राच्या बिघाडातून आली, आणि कललेल्या मस्तकासाठी कोणी राजवाडे येत नाही.

एक टेप अखेर वाचली गेली, तर दुसरेच वैगुण्य समोर आले. रात्री बॅकअप चाले तेव्हा ध्वनिफितींची सूची असलेली फाइल उघडीच असे, म्हणून ती दर वेळी वगळली जाई. लॉगमध्ये तसे नोंदलेलेही होते: काम पूर्ण, काही अपवाद वगळून. शेवटचे तीन शब्द कोणी वाचले नाहीत. परिणामी आवाज मिळाले, पण कोणता आवाज कोणाचा आणि कोणत्या गावचा, ते गेले. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला या नुकसानाची थोरवी वेगळी सांगायला नको.

यात दोष कर्मचाऱ्याच्या आळसाचा आहे असे मला वाटत नाही. त्याला प्रत घ्यायला सांगितले होते, त्याने ती घेतली. ती वाचून पाहा असे कोणीच सांगितले नव्हते. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या संगणक-व्यवसायातल्याच कंपनीची विदा चुकून पुसली गेली, तेव्हा पाच निरनिराळ्या उपायांपैकी एकही धडपणे चालत नसल्याचे तिनेच जाहीर केले. अखेर एका अधिकाऱ्याने काही तास आधी सहज घेतलेली प्रत उपयोगी पडली. याउलट २०११ मध्ये गूगलच्या एका सदोष सुधारणेने काही जीमेलधारकांची पत्रे सर्व प्रतींतून नाहीशी केली, आणि ती परत आली ती टेपांवरून. टेपा तारेला जोडलेल्या नव्हत्या, त्या दोषाच्या वाटेवर नव्हत्या, वाड्यातल्या विहिरींसारख्या. 'आता सगळे क्लाउडवर आहे' असे सांगून टेपेला हसणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अर्थात टेपही चिरंजीव नाही. २००० साली आलेल्या एलटीओ जातीचे ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत. आठव्या-नवव्या पिढीत ही सवलत एकाच पिढीवर आली. म्हणजे काही वर्षांनी सारे नव्या टेपेवर उतरवणे ओघाने आलेच. आपल्या परंपरेला यात नवे काय आहे? ताडपत्र व कागद झिजतात, म्हणूनच पोथ्या पुन्हा पुन्हा उतरवल्या गेल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठ ताडून, आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद देऊन. बॅकअपच्या आज्ञावलीत 'व्हेरिफाय' नावाचा जो पर्याय वेळ वाचवण्यासाठी बहुधा बंद ठेवतात, तो याहून वेगळे काही मागत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. संकलक गेल्यावरही तो संग्रह मुका झाला नाही. २०१७ पासून तो 'पारी'वर ओवी, गायिका आणि गाव यांच्या नोंदींसह लोकांसमोर येत राहिला. तो टिकला याचे श्रेय मी तो वारंवार वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि भाषांतरित करणाऱ्या माणसांना देतो.

मराठी विभागांपाशी याहून साधा, पण तितकाच निकडीचा साठा पडून आहे: युनिकोडपूर्व काळात आयएसएम वा श्रीलिपीत टंकलेले प्रबंध, संमेलनांची भाषणे, विद्यार्थ्यांची सर्वेक्षणे. ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर हा मजकूर उघडा, म्हणजे चिन्हांचा चिवडा दिसेल. टेप शाबूत, फाइल शाबूत, तरी वाचन अशक्य. येथे मात्र किल्ली अजून लोकांपाशी आहे, रूपांतराची साधने आहेत. दर सत्रारंभी एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांनी एक टेप काढावी, वेगळ्याच यंत्रावर वाचावी, तीतील पाच फाइली उघडून मूळाशी ताडाव्यात आणि निकाल विभागाच्या नोंदवहीत लिहावा, एवढीच माझी मागणी आहे. पाठचिकित्सेच्या प्रात्यक्षिकाला यासाठी गुणही ठेवता येतील. अभ्यास मंडळाला हे हास्यास्पद वाटेल याची मला कल्पना आहे.

त्या महाविद्यालयाने पुढे काय केले, ते मात्र सांगायला हवे. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेल्यावर हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाले असे महानुभाव परंपरा सांगते. येथेही जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे गेली. कोणाच्या घरी कॅसेट निघाली, कोणाच्या वहीत गायिकांची नावे. ती वापरून निम्म्याहून अधिक आवाजांना पुन्हा गाव मिळाले. उरलेल्या फिती घेऊन दोघी विद्यार्थिनी आता त्या वस्त्यांवर फिरतात आणि आवाज ऐकवून विचारतात, ही कोण?