पत्रद्रव्यांवरील ठिपके : सर्कोस्पोराकडे दुर्लक्ष नको

वासा, निर्गुंडी, तुळस यांसारखी पत्रद्रव्ये खरेदी करताना वनस्पतीची ओळख, वाळवण आणि वजन यांकडे आपण काटेकोरपणे पाहतो. परंतु राखाडी मध्य व तपकिरी कडा असलेले ठिपके ‘पावसाचे डाग’ म्हणून सोडून दिले जातात. ही ढिलाई औषधाच्या गुणवत्तेस बाधक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा ठिपक्यांमागे निरनिराळ्या बुरशी असतात. त्यांतील एक मोठी प्रजाती म्हणजे १८६३ मध्ये फ्रेझेनियस यांनी स्थापिलेली सर्कोस्पोरा. शेपटीसारख्या लांब बीजाणूंवरून तिला हे नाव मिळाले. पर्णरंध्रांतून निघणाऱ्या तपकिरी दांड्यांच्या जुड्या, त्यांवरील रंगहीन, सुईसारखे बीजाणू आणि बीजाणू गळाल्यावर उरणारे जाड, काळसर व्रण ही तिची लक्षणे होत. निकटच्या स्यूडोसर्कोस्पोरा प्रजातीत व्रण जाड नसतात आणि बीजाणू रंगीत असतात.

पूर्वी यजमान वनस्पती बदलली की नवी जाती मानण्याची प्रथा होती. चप यांच्या १९५४ च्या ग्रंथात चौदाशेहून अधिक जाती होत्या. क्रूस व ब्राउन यांनी २००३ मध्ये या प्रजातीत ६५९ नावेच ग्राह्य धरली. भुईमुगावरील टिक्का रोगाच्या दोन्ही बुरशी एकेकाळी सर्कोस्पोरा म्हणूनच नोंदल्या जात. पुढे त्या अन्य प्रजातींत गेल्या. तात्पर्य, केवळ ठिपका पाहून बुरशीचे नाव ठरवू नये. मात्र नाव ठरेपर्यंत ते पान कढईत जाऊ द्यावे, असाही याचा अर्थ नव्हे.

या प्रजातीतील अनेक जाती सर्कोस्पोरिन हे लाल रंगद्रव्य निर्माण करतात. सूर्यप्रकाशात ते क्रियाशील ऑक्सिजन उत्पन्न करून पेशींची आवरणे फोडते. ठिपका म्हणजे मृत ऊतक. पान वाळवल्याने ते पुन्हा सजीव होत नाही. चूर्ण झाल्यावर तो डोळ्यांना दिसत नाही, आणि राख व अर्कांश मोजणाऱ्या चाचण्याही त्याची ओळख पटवीत नाहीत. म्हणून निवड वाळवण्यापूर्वीच झाली पाहिजे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पाने वर्षा व वसंत ऋतूंत, तीही नुकतीच उगवलेली, घ्यावीत असे सांगितले आहे. वर्षाऋतूची दमट हवा या बुरशींनाही मानवते. अशा वेळी ठिपके प्रामुख्याने जुन्या, खालच्या पानांवर साचतात. कोवळ्या पानांचा आग्रह किती व्यवहार्य आहे, हे यावरून ध्यानी यावे.

औषधी निर्मात्यांस आमची सूचना अशी : ओली पाने दहापट भिंगाखाली तपासावीत, ठिपकेदार पाने वेगळी काढावीत आणि प्रत्येक खेपेचा एक नमुना दाबून, स्थळ व दिनांकासह जपावा. शंका आल्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किंवा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावा.

येथे एक धोका आहे. निर्दोष पानाचा हट्ट धरून दर मात्र जुनाच ठेवला, तर लागवड करणारा बुरशीनाशक फवारील आणि एका दोषाऐवजी दुसरा दोष पदरी पडेल. रोपांत अंतर राखणे, गळलेली रोगट पाने वेचून जाळणे आणि वेळेवर तोडणी करणे, या श्रमांचे मोल खरेदीदाराने द्यावयास हवे. रुग्णाचा विश्वास जपावयाचा असेल, तर हा खर्च आपणच उचलला पाहिजे.