आंबील आणि दही

महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात वऱ्हाडात ज्वारीची आंबील हवीच. आदल्या रात्री पीठ ताकात कालवून ठेवले की सकाळी आंबूस वास येतो. शेजारीच विरजणाचे पातेलेही असते. दोन्हींतला आंबटपणा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा. पण ते जिवाणू एकाच स्वभावाचे नव्हेत.

योगर्टच्या विरजणातला बल्गेरिकस दीर्घकाळ दुधातच राहिला. तिथे त्याला दुग्धशर्करा आयती मिळाली आणि वनस्पतींतील अनेक शर्करा पचवण्याची जनुके तो गमावून बसला. त्याचा जनुकसंच जेमतेम १८-१९ लाख अक्षरांचा. याउलट धान्य, भाजी, दूध, माणसाचे आतडे अशा सर्वत्र तग धरणाऱ्या प्लांटॅरमचा सुमारे ३३ लाखांचा. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ‘लॅक्टोबॅसिलस’ या एका कुळाची २५ कुळे केली, तेव्हा बल्गेरिकसचे आडनाव राहिले, प्लांटॅरमचे बदलले. उशिरा का होईना, वाटणी रास्तच झाली!

तापमानाची आवडही निराळी. घरगुती दह्यात नेहमी आढळणाऱ्या लॅक्टोकॉकसला ३० अंशांच्या आसपास सुखावते, बल्गेरिकसला ४० च्या पुढे. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पौषातल्या त्याच विरजणातही दुसरेच जिवाणू वरचढ ठरू शकतात. म्हणून उन्हाळ्यात विरजण कमी घालावे, भांडे थंड कोपऱ्यात ठेवावे, दही लागताच फ्रीजमध्ये हलवावे.

फायदाही त्या त्या वाणाचा असतो, सरसकट आंबटपणाचा नव्हे. दूध न पचणाऱ्यांना योगर्टमधील जिवंत जिवाणू दुग्धशर्करा पचवण्यास मदत करतात. उकळलेल्या कढीत ते जिवंत उरत नाहीत. आंबीलही शिजवल्यावर जिवाणूंसाठी नव्हे, आंबवण्यामुळे धान्यातील फायटेट घटून लोह अधिक मिळते म्हणून प्यावी. जिवाणूही हवे असतील तर ती कोमट झाल्यावर ताजे ताक मिसळावे.

आणि एक काळजीची गोष्ट. ताक पोटाला चांगले म्हणून जुलाब झालेल्या लेकराला तेवढ्यावरच ठेवणारी घरे आजही आहेत. ताक जरूर द्यावे, पण जलसंजीवनी आधी. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले तर तडक दवाखाना गाठावा.