कुटुंबाच्या नावाखाली बालकाची वेठ



दसरा उलटला की आपल्या वाशी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर घरोघर कुलपे दिसू लागतात. बालाघाटच्या माथ्यावरची ही कोरडवाहू जमीन. खरिपाचे एक पीक देऊन ती थांबते. मग मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी आपला संसार ट्रॉलीत भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिकडचा हिशेब. भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण यांच्याबरोबर त्याच ट्रॉलीत मुलेही बसलेली असतात. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहते. मूल मात्र फडात असते.

मी वकिली करतो. उचलीच्या वादात सापडलेली माणसे कागद घेऊन माझ्याकडे येतात. अशाच एका कागदावर रक्कम होती, कोयत्यांची संख्या होती, अंगठे होते. मी त्या गृहस्थास विचारले, “हंगामात तुमची मुलगी कोठे होती?” तो म्हणाला, “आमच्यासंगंच होती की साहेब. धाकट्याला सांभाळायची, भाकरी थापायची, पाणी आणायची, वाढं गोळा करायची. पर कागदावर तिचं नाव कशाला येईल? ती काय कामाला नव्हती.”

“ती काय कामाला नव्हती!” हे वाक्य त्या बापाने निष्कपटपणे उच्चारले. दुर्दैव असे की, आपला कायदाही पुष्कळदा तेच वाक्य बोलतो. तो असे का बोलतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

भारतीय संविधानाच्या २४ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांखालील बालकास कारखान्यात, खाणीत वा अन्य कोणत्याही धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली. १९८६ साली बालकामगारांविषयी स्वतंत्र अधिनियम झाला. परंतु त्याने काही धंदे मुलांना बंद केले आणि उरलेल्या धंद्यांत केवळ नियम घालून दिले. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील बालकास कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा ठरला. मालकास ६ महिने ते २ वर्षे कारावास, अथवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे पाऊल पुढचे होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. मूल शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत आपल्या कुटुंबाला अथवा कुटुंबाच्या उद्योगाला मदत करीत असेल, आणि ते काम धोक्याच्या यादीतील नसेल, तर त्यास मनाई नाही, असा अपवाद त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. येथे कुटुंब म्हणजे आईबाप आणि भावंडे एवढेच नव्हे. काका, आत्या, मामा, मावशी हेही त्यात आले. बाहेरची माणसे कामास घेतली, तरीही तो कुटुंबाचाच उद्योग!

आता हा अपवाद उसाच्या फडाला लावून पाहा. कायदा सरळ वाचला तर ऊस कुटुंबाचा नाही, कारखाना कुटुंबाचा नाही, आणि तोडीचा हिशेबही मुकादमाच्या वहीत असतो. मग तेथील काम कुटुंबाचा उद्योग कसा होईल? होऊ शकत नाही. पण कायद्याचे शब्द “कुटुंबाला मदत” असे मोघम आहेत. मुलगी आईच्या मागे मोळी बांधते, ही आईला मदत. ती कोपीत भाकरी करते, तीही आईला मदत. तपासणीस अधिकारी फडावर गेलाच, तर त्याला “शाळा सुटल्यावर करते” असे उत्तर मिळते. शेकडो मैलांवर राहिलेल्या शाळेची घंटा त्या फडात ऐकू येते काय? जेथे शाळाच नाही, तेथे शाळेनंतरची वेळ कोणती? तरीही हा अपवाद लागू नाही, हे दाखविण्याचे ओझे त्या अधिकाऱ्याच्याच माथी येते. पळवाट ती हीच.

आपल्याच तालुक्यातील तेरखेड्याकडे पाहा. तेथे फटाक्यांचे कारखाने आहेत. ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थांचे काम धोक्याच्या यादीत आहे. म्हणून तेथे कुटुंबाची सबब चालत नाही, आणि १८ वर्षांखालील मुलासही त्या कामास लावता येत नाही. दारूच्या भुकटीपाशी जी रेषा कायद्याला ठळक ओढता आली, ती धारदार कोयत्यापाशी, पहाटेच्या थंडीतील तोडीपाशी, उसाने भरलेल्या गाडीपाशी तितकीच ठळक का ओढता येऊ नये?

या अपवादाचे समर्थन असे केले जाते की, मूल आईबापांजवळ राहून त्यांचा धंदा शिकते. शेतकऱ्याचे मूल शेती शिकते, कारागिराचे मूल कारागिरी शिकते. ऐकावयास हे गोड आहे. परंतु, वाचकहो, आपल्या वाडवडिलांनी आपल्या मुलांना कोणता धंदा शिकविला? मेलेले ढोर ओढण्याचा, गावची वर्दी पोचविण्याचा, दारोदार भाकरी मागण्याचा. १९२८ साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले की, नेमलेला महार हजर नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणासही कामास जुंपले जाते. चाकरी एकाची, बंधन साऱ्या कुटुंबाचे! आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता; मुंबईचा कायदा येथे नव्हता, पण वेठ मात्र होती. बापाचा धंदा मुलाने करावा, या नियमालाच तर आपण जातिव्यवस्था म्हणतो. त्या व्यवस्थेकडे पाठ फिरवून धम्माकडे वळलेल्या माणसाने तोच नियम कायद्यातील अपवाद म्हणून कसा स्वीकारावा?

कोणी म्हणेल, “वकीलसाहेब, पोटाचे काय?” हा प्रश्न खरा आहे. मूल घरी ठेवावे तर त्याला पाहणार कोण? म्हणूनच शिक्षेचा रोख आईबापांवर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय. दोघांच्या मजुरीत घर चालत नाही, म्हणून तिसरे कोवळे हात लागतात; तेव्हा दोष त्या हातांचा नसून त्या मजुरीचा आहे.

यास्तव आपली मागणी नेमक्या शब्दांत असावी. पहिली, कुटुंबाचा अपवाद रद्द व्हावा. निदान दुसऱ्याच्या नफ्यासाठी चाललेल्या कोणत्याही कामास तो लागू नाही, असे कायद्यातच लिहिले जावे. दुसरी, ऊसतोडणीचे नाव धोक्याच्या कामांत निःसंदिग्धपणे घालावे. तिसरी, हंगामात शाळेच्या वयाचे मूल फडात काम करताना आढळल्यास ते कामावर ठेवलेले नाही, हे सिद्ध करण्याचा भार मुकादमावर आणि कारखान्यावर असावा. चौथी, वसतिगृहाची सोय झाल्याविना एकाही कुटुंबास उचल देऊन नेले जाऊ नये.

ही चौथी मागणी नवी नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याची योजना राज्य शासनाने २०२१ साली मंजूर केली. गावातच मुलांना ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांची सोयही शासनाच्या दप्तरी आहे. मंजुरी आणि मुलाच्या ताटातील भाकरी यांत किती अंतर आहे, ते मोजण्याचे काम आपले आहे.

तेव्हा, बंधुभगिनींनो, कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसू नका. दसऱ्यापूर्वीच आपल्या वस्तीतून जाणाऱ्या कुटुंबांची आणि त्यांच्या मुलांची यादी करा. ती ग्रामसभेत वाचून दाखवा, इतिवृत्तात नोंदवा आणि मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची लेखी मागणी करा. मागणीची पोच घेतल्याशिवाय परतू नका. जी आजी मुलांना सांभाळावयास तयार आहे, तिच्या पाठीशी साऱ्या वस्तीने उभे राहा. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. तो कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. मूल कामावर राबताना दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवा.

आणि हंगामाहून परतल्यावर कोणी विचारले, तर “ती काय कामाला नव्हती” असे म्हणू नका. ती कामाला होती. तिने पाणी वाहिले, मोळ्या बांधल्या, भावंड सांभाळले, आणि त्यापायी तिची यत्ता बुडाली. हे आपण स्वतः मोठ्याने म्हणू लागलो, तरच उद्या कायद्याला ते लिहावे लागेल.