मुलांच्या गोष्टीत भीती हवीच

‘मुलांच्या गोष्टीत भीती कशाला?’ असं पालक विचारतात, तेव्हा चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी तूवे यान्सनचं नाव घेते. मूमिनकथा लिहिणारी ही फिनलंडची स्वीडिशभाषक लेखिका स्वतःला आधी चित्रकार मानायची. वडील शिल्पकार, आई चित्रकार. हिटलरची टर उडवणारी तिची व्यंगचित्रं ‘गार्म’ मासिकात छापून येत. पहिली मूमिनकथा १९४५ची, महापुराची. पुढच्याच वर्षीची धूमकेतूची. युद्ध जगलेल्या बाईने मुलांपासून संकट लपवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पन्नाशीत तिने जोडीदार तूलिक्की पिएतिलासोबत क्लोवहारू या खडकाळ बेटावर एका खोलीचं घर उभारलं. चार दिशांना चार खिडक्या. वीज नाही, नळ नाही. मासे धरायचे, वाहून आलेली लाकडं गोळा करायची, वादळ येताना बघायचं. जवळपास तीन दशकं दोघींचे उन्हाळे तिथेच गेले. समुद्राचं असं वेड असलेल्या बाईच्या गोष्टीतलं वादळ लुटुपुटूचं कसं असेल? आणि त्याच गोष्टींत, दारात कोणीही आलं तरी मूमिनआई त्याच्यासाठी अंथरूण घालते. मुलांना दोन्ही वाचू द्या.