आधी मॉर्फिन, मग गांजा

माझी खाला देऊळगाव राजातल्या घरातच गेली. कॅन्सर हाडांत उतरला होता. रात्री ती तोंडात पदर कोंबून कण्हायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मॉर्फिनची गोळी गावात मिळत नव्हती. त्यासाठी दर खेपेला मोठ्या शहराची वारी. एका रात्री तिच्या मुलाने विचारले, "भाई, अमेरिकेत दुखण्यावर गांजा देतात म्हणे. आपल्याकडे का नाही?"

प्रश्न रास्त होता. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढायचा ठराव आला, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले. संशोधन व्हायलाच हवे. पण अमेरिकेचे दुखणे वेगळे आहे. तिथे अफूवर्गातली औषधे वारेमाप लिहून दिली गेली, लोक व्यसनात बुडून मेले, म्हणून पर्यायाचा शोध सुरू झाला. वैद्यकीय गांजाला परवानगी दिलेल्या राज्यांत असे मृत्यू कमी आहेत, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले होते. त्याच पद्धतीने २०१७ पर्यंतचे आकडे तपासले तेव्हा चित्र उलटे निघाले. किमोच्या उलट्यांवर, नसांच्या जुनाट दुखण्यावर काहींना गुण येतो. कॅन्सरच्या तीव्र वेदनेत गांजा मॉर्फिनची जागा घेईल, असा भक्कम पुरावा नाही.

आपल्याकडे मॉर्फिनचा अतिरेक नाही, दुष्काळ आहे. अफू मात्र मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानेच पिकते! १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे इतके जंजाळ केले की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल केले, पण भीती तालुक्यातून गेलेली नाही.

आणि भीती आपल्या घरातही आहे. "नशेची चीज आहे, सब्र करा," असे खालाला सांगणारे आपलेच होते. नशा हराम आहे, हे मीही मानतो. पण मजबुरीत निषिद्ध वस्तूचीही मुभा आहे, हे आपल्याच शरियतने शिकवले. मौजेसाठी घेतलेली नशा आणि डॉक्टरने मोजून दिलेले औषध एक कसे?

गांजाचा वाद खुशाल चालू द्या. तोवर प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मॉर्फिन आणि ते देता येणारा डॉक्टर मागू या. सब्र आजाऱ्याने करायचा. आपण धावायचे असते.