खापर ग्राहकावर का?

अपडेटनंतर फोन बिघडतात ते वापरणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे, असे गेल्या आठवड्यातील पत्रात म्हटले आहे. ते मला अजिबात पटले नाही. माझा चौदा महिन्यांचा फोन रात्री अपडेट झाला आणि सकाळी पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटली. तो कधी पडला नव्हता की भिजला नव्हता. सेवा केंद्राने वॉरंटी संपल्याचे सांगून नव्या पडद्याचा खर्च माझ्या माथी मारला. पत्रलेखक सुचवतात तसे फॅक्टरी रीसेटही केले. रेघ तशीच राहिली. दिवंगत आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग मात्र कायमची गेली.

अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी, तर सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला होता. तिथे कोणी ग्राहकाला हलगर्जी ठरवले नाही.

आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. माझ्यासारख्यांनी बिल आणि जॉबशीट जपावी, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.

– एक वाचक, मिरज